काकूचा राग सिमर होतोय की स्ट्यू? इंग्रजी गोष्टीत स्वयंपाकघराचे शब्द वापरताना

ज्यांनी मूळ प्रश्न वाचला नसेल त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. गोव्यातल्या डिचोलीची एक कॉलेजातली मुलगी विचारतेय. चौथीपर्यंत मराठी शाळा आणि पाचवीपासून इंग्रजी, आपल्याकडे गावोगावी असतं तसंच. कॉलेजच्या अंकासाठी ती इंग्रजीत गोष्ट लिहितेय. आजीचं घर, दोन काकू, वाटणीवरून तीन वर्षं एकमेकींशी बोलणं बंद, पण स्वयंपाकघर मात्र एकच, आणि चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, दिवशी सगळं बाहेर पडतं. सरांनी समासात लिहिलं की भावना सपाट आहेत. म्हणून तिने नेटवरून स्वयंपाकाच्या इंग्रजी उपमांची लांबलचक यादी काढली आणि जमेल तिथे एकेक घातली. आता मैत्रीण तिच्या 'माय हार्ट वॉज बॉइलिंग विथ हॅपिनेस' या वाक्याला हसतेय. गोष्टीची पानंही तिने इथे टाकलीयत. तर प्रश्न असा की यातल्या कुठल्या वापरू, कुठल्या नको, आणि अजून मोठी यादी कुठे मिळेल.

तुला तू म्हटलं तर चालेल ना बाय, माझ्या क्लासमधल्या पोरींच्याच वयाची आहेस.

पहिलं म्हणजे मोठी यादी शोधू नकोस, आहे तीच बाजूला ठेव. मी आधी बरीच वर्षं हॉटेलात फ्रंट ऑफिसला होते, आता म्हापशाला इंग्रजी शिकवते. माझ्याकडे बोटीवर जायला निघालेले किचनचे पोरगे येतात, हॉटेल मॅनेजमेंटवाले येतात, अधूनमधून तुझ्यासारखं गोष्टी लिहिणारं कोणीतरी येतं, आणि सगळ्यांच्या मोबाइलमध्ये अशी एक यादी असतेच. त्या यादीत सिमर, सीद (seethe), स्ट्यू, बॉइल, स्टीम, सगळ्यांपुढे एकच अर्थ लिहिलेला असतो, राग येणे. गोची तिथेच आहे. सरांना सपाट वाटलं ते तुझ्याकडे शब्द कमी आहेत म्हणून नव्हे. थोरल्या काकूचा राग आणि धाकटीचा राग वाचताना एकसारखाच लागतो म्हणून सपाट वाटलं असणार. 'शी वॉज व्हेरी अँग्री' काढून तिथे 'शी वॉज बॉइलिंग' घातलं तरी तो एकसारखाच राहतो, फक्त आवाज वाढतो.

आता एक गोष्ट कबूल करायला हवी की हे सगळं तू कुठे लिहितेस त्यावर अवलंबून आहे. मी सांगतेय ते गोष्टीसाठी. परीक्षेच्या पेपरात निबंध असेल तर एखादी ठीक, नोकरीच्या अर्जात शक्यतो नकोच, आणि समोरचा माणूस खरोखर चिडलेला असेल तर अजिबात नको. हॉटेलवाल्या पोरांना मी पहिल्याच आठवड्यात सांगते, गेस्ट रिसेप्शनला येऊन ओरडतोय आणि तुम्ही त्याला 'प्लीज सिमर डाउन सर' म्हणालात तर तो शांत होणार नाही, मॅनेजरला बोलवेल. कारण कुणाच्या रागाला त्याच्या तोंडावर भांड्याची भाषा लावली की त्याचा राग लहान होतो, आपण त्याला पोरासारखं गप्प करतोय असं त्याला वाटतं. तिथे साधं 'आय अंडरस्टँड यू आर अपसेट' बरं. गोष्टीत मात्र हाच गुण उपयोगी पडतो, ते पुढे सांगते.

मी शिकवताना तीन गोष्टी विचारायला लावते. आच किती आहे, झाकण आहे की नाही, आणि हे किती वेळ चाललंय. तुला स्वयंपाक येतो हे प्रश्नातूनच दिसतंय, म्हणजे अर्धं काम झालेलंच आहे, फक्त इंग्रजी क्रियापद बघितलं की डोळ्यासमोर टोप आणायचा.

सिमर घे. आपल्याकडे समुद्रसपाटीला पाणी 100 डिग्रीला उकळतं, सिमर म्हणजे त्याच्या जरा खाली, साधारण 85 ते 95 च्या मधे. बुडबुडा वर येतो न येतो असा, टोपाच्या कडेला थोडी हालचाल, आणि हे तास न् तास चालू शकतं कारण कोणीतरी मुद्दाम आच तेवढीच ठेवलीय. म्हणून इंग्रजीत कोणी 'सिमरिंग विथ अँगर' असेल तर त्यात तीन गोष्टी आपोआप आल्या: राग मुरलेला आहे, माणसाने तो धरून ठेवलाय, आणि नॉब जरासा फिरवला की वर येईल. जवळून बघणाऱ्याला दिसतं, रस्त्यावरून जाणाऱ्याला नाही. आणि हे क्रियापद माणसालाच लागतं असं नाही, दोन घरांमधल्या तणावाला, गावातल्या वादाला, सगळ्याला चालतं. तुझ्या गोष्टीतल्या तीन वर्षांच्या अबोल्याला एकच क्रियापद द्यायचं तर हेच.

स्ट्यू वेगळं. तिथे झाकण बंद, आच मंद, आणि आत जे आहे ते स्वतःच्याच रसात शिजतंय. इंग्रजीत 'शी इज स्ट्यूइंग' म्हणणाऱ्याला त्या बाईबद्दल फारशी दया नसते, बसलीय आपली कुढत, कोणी सांगितलंय, असा सूर असतो. 'लेट हर स्ट्यू' म्हणजे तर सरळ, राहू दे तिला तशीच. त्यामुळे तुझ्या गोष्टीत हे कोणाच्या तोंडी येतंय याला फार महत्त्व आहे. सांगणारी पुतणी, जिचा थोरल्या काकूवर जीव आहे, ती 'स्ट्यू' म्हणणार नाही. धाकटी काकू थोरलीबद्दल खुशाल म्हणेल. नुसत्या या एका क्रियापदावरून वाचकाला कळतं की बोलणारी कोणाच्या बाजूची आहे, 'शी डिड नॉट लाइक हर' असं वेगळं लिहावं लागत नाही. हे मी मघाशी म्हणाले ना, की भांड्याची भाषा राग लहान करते, तो हा उपयोग. रागाऐवजी चिंता असली तरी स्ट्यू चालतं, पोराचा फोन आला नाही म्हणून बाई रात्रभर स्ट्यू करत बसली, असं.

सीद हे मला स्वतःला सगळ्यात आवडतं. याचा मूळ अर्थच उकळणे. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये करडू त्याच्या आईच्या दुधात सीद करू नये अशी आज्ञा आहे, म्हणजे तेव्हा ते साधं स्वयंपाकाचं क्रियापद होतं. भिजून चिंब या अर्थाचं 'सॉडन' हे त्याचंच जुनं रूप. आज कोणी बटाटे सीद करत नाही. क्रियापद स्वयंपाकघरातून पूर्ण उठलं आणि बहुतेक रागाकडेच राहायला गेलं. म्हणून त्यात आता भांडं दिसत नाही, दिसतात ते आवळलेले दात. आच पूर्ण आहे पण बाहेर काही सांडलेलं नाही. मिनिटं, तास, फार तर काही दिवस, तीन वर्षांसाठी मी ते वापरणार नाही. चवथीच्या सकाळी माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगायची चौकट, बांधताना धाकटीने काहीतरी टोमणा मारला आणि थोरली पाहुण्यांसमोर काही बोलू शकली नाही, तिथे सीद एकदम बरोबर बसेल.

आणि बॉइल ओव्हर म्हणजे ऊतू जाणं. हे एकदाच होतं, सगळ्यांना दिसतं, नंतर ओटा पुसावा लागतो. लक्षात घे, यात थोडासा दोष बघणाऱ्यांचाही येतो, दूध ऊतू गेलं म्हणजे कोणाचंतरी लक्ष नव्हतं. त्यामुळे भांडणाच्या प्रसंगात 'टेम्पर्स बॉइल्ड ओव्हर' लिहिलंस की आजी आणि काका कुठे होते हा प्रश्न वाचकाच्या मनात येतो. तुला तो यायला हवा असेल तर लिही. बाकी 'इट मेक्स माय ब्लड बॉइल' हे यादीतलं लाडकं वाक्य मला विचारशील तर सोडून दे, ते अन्यायाबद्दल, बातम्यांबद्दल बोलायचं असतं, वाटणीतल्या तांब्याच्या हंड्याबद्दल नाही.

हे सगळे शब्द एकाच कुटुंबातले का, याचं उत्तर भाषाशास्त्रवाल्यांनी दिलेलं आहे. जॉर्ज लॅकॉफ हे अमेरिकन आणि झोल्तान कोव्हेचेश हे हंगेरियन, या दोघांनी 1980 च्या दशकात दाखवलं की इंग्रजी बोलणारे राग म्हणजे बंद भांड्यात तापलेलं द्रव अशीच कल्पना धरून बोलतात. शरीर हे भांडं, राग हे आतलं पाणी, ताप वाढला की वाफ, वाफ वाढली की झाकण उडणार. एकदा हे चित्र डोक्यात बसलं की यादी पाठ करायची गरज राहत नाही, नवीन शब्द आला तरी तो या भांड्यात कुठे आहे ते बघायचं. सरांना इम्प्रेस करायला ही दोन नावं गोष्टीत घालू नकोस म्हणजे झालं.

आता 'बॉइलिंग विथ हॅपिनेस' कडे येऊ. मैत्रीण हसली ते बरोबर, पण तू काही येड्यासारखं लिहिलं नव्हतंस, तू मराठीत विचार केलास. आपल्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटतात, हसण्याच्याही फुटतात, उत्साहाला ऊत येतो, आपल्याकडे उकळीला आनंद चालतो. इंग्रजीत उकळणं रागाकडे गेलंय, नाहीतर हवेकडे, 'आय ॲम बॉइलिंग' म्हणजे मे महिन्यात लाइट गेलीय. आनंदाला तिथे बबल मिळालाय. 'बबलिंग विथ एक्साइटमेंट', 'बबलिंग ओव्हर विथ जॉय'. आच नाही, ओझं नाही, हलके बुडबुडे. त्यामुळे वाचक तुझं वाक्य वाचताना 'बॉइलिंग' ला रागाच्या तयारीने थांबतो आणि पुढे 'हॅपिनेस' येतं, मग तो हसतो. तिथे 'बबल' घाल. किंवा, मला विचारशील तर, मूर्ती घरात आली तेव्हा ती पोर काय करते ते लिही आणि क्रियापद सोडूनच दे.

असे सापळे बरेच आहेत, सगळे देत बसत नाही, दोनतीनच बघ. आपल्याकडे अंगाचा तिळपापड होतो, खरं बोललं की मिरच्या झोंबतात, हे इंग्रजीत जसंच्या तसं नेलंस तर वाचक पापडाच्या मागे लागेल आणि काकू राहील बाजूला. विरजणाचं जास्त जपून कर. उत्साहावर विरजण पडलं म्हणून तू 'माय एन्थुझिॲझम कर्डल्ड' लिहिलंस तर व्याकरण बरोबर आहे, पण इंग्रजीत भावना कर्डल झाली म्हणजे ती नासली, तिचं वाईट काहीतरी झालं, प्रेमाचा द्वेष झाला वगैरे. पाऊस आला आणि फटाके भिजले एवढ्यावर ते फार जड होईल. उलट तुझ्या दोन काकू लग्न होऊन आल्या तेव्हा मैत्रिणी होत्या असं तू लिहिलंयस ना, ती मैत्री पुढे कडू झाली, तिथे 'कर्डल' ठेवून बघ, तिथे ते हवं आहे. आणि पोटात कालवाकालव झाली याला इंग्रजीत मी आजवर धड काही दिलेलं नाही. 'माय स्टमक चर्न्ड' म्हटलं की भीती किंवा मळमळ येते, आपल्या कालवाकालवीत माया असते. अशा ठिकाणी वाक्य पाडून त्या क्षणी हाताने काय केलं ते लिहायचं.

एक मोठा गट असा आहे की यादीत असतो पण त्याचा स्वयंपाकघराशी संबंधच नाही. 'लेट ऑफ स्टीम' हे वाफेच्या इंजिनातून आलंय, बॉयलर फुटू नये म्हणून वाफ सोडतात ते, कुकरच्या शिट्टीतून नाही. त्यामुळे त्यात सुटका आहे, अपघात नाही, भांडण होऊन मन मोकळं झालं असं दाखवायचं असेल तर चालेल. 'बर्न्ट आउट' जळून संपलेल्याचं, आणि ते आता जवळजवळ तांत्रिक झालंय, हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने 1974 मध्ये कामाने पिचलेल्या लोकांसाठी ते वापरलं आणि 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या वर्गीकरणात कामाशी संबंधित अवस्था म्हणून त्याची व्याख्या घातली. टुरिस्ट सीझन संपल्यावर किनाऱ्यावरच्या शॅकमधला पोरगा 'आय ॲम बर्न्ट आउट' म्हणेल ते ठीक, पण करपलेली भाकरी डोळ्यासमोर आणून ते लिहू नकोस. 'रॉ ग्रीफ' मधलं रॉ सुद्धा कच्च्या भाजीपेक्षा सोललेल्या कातडीच्या जवळचं आहे, आपण ओली जखम म्हणतो तसं.

आणि तो नवा माल, साल्टी, रोस्टेड, टोस्ट, कुक्ड, हा सगळा फोनवरच्या पोरांच्या बोलीतला आहे. चुलत भाऊ मेसेज करतोय 'मोठी काकू इज सो साल्टी टुडे' तर फर्स्ट क्लास, त्याचं वय कळतं. सांगणाऱ्या आवाजात मात्र आला तर दोन वर्षांत शिळा होईल.

क्रियापदाच्या मागचा छोटा शब्द, तिथे आमची पोरं हमखास पडतात म्हणून तेवढं सांगते. सिमर विथ, सीद विथ, बबल विथ. पण स्ट्यू ओव्हर किंवा स्ट्यू अबाउट, 'स्ट्यूइंग विथ अँगर' कानाला खटकतं. मेल्टला भावना जोडावी लागत नाही, 'हर हार्ट मेल्टेड' एवढंच. आणि एका वाक्यात एकच भांडं. तुझ्या शेवटच्या पानावर राग सिमर होतो, मग एक्सप्लोड होतो, मग मेल्ट होतो, एकाच वाक्यात आधी टोप, मग बॉम्ब, मग लोणी. वाचणाऱ्याने काय बघायचं?

इतकं सगळं सांगून आता माझं खरं मत. तुझी गोष्ट स्वयंपाकघरातच घडतेय. जी गोष्ट स्वयंपाकघरात घडते तिला स्वयंपाकाच्या उपमांची गरज सगळ्यात कमी, कारण समोर खरा टोप आहे. बाहेरच्या बाईबद्दल, ऑफिसातल्या साहेबाबद्दल लिहिताना 'सिमर' ही उपमा होते, पण जिच्यासमोर खरोखर खतखते, ती भाज्यांची डाळ, सिमर होतंय तिच्याबद्दल पुन्हा 'शी वॉज सिमरिंग' लिहिलं की तेच दोनदा सांगितल्यासारखं होतं.

खतखत्याचंच बघ, चवथीला तुमच्याकडे होतंच असणार. तुरीची डाळ शिजलेली, त्यात सुरण, कणगी, मुळा, शेवग्याच्या शेंगा, मक्याच्या कणसाचे तुकडे, शिजायला वेळ घेणारं आधी, लवकर शिजणारं मागाहून. मग ओल्या नारळाचं आणि सुक्या मिरचीचं वाटण. गूळ, आमसुलं. वाटण पडलं की आच कमी करायची, रटरट उकळू द्यायचं नाही, आणि सगळ्यात शेवटी ठेचलेली तिरफळं. कांदा नाही, लसूण नाही. आता हे दोन बायकांनी न बोलता करायचं आहे. एक आदोळीवर बसून नारळ खवतेय, दुसरी गॅसजवळ. नारळ खवून होईपर्यंत वाटण नाही आणि वाटण झाल्याशिवाय गॅसजवळचीला पुढे काही करता येत नाही, म्हणजे बोलायचं नाही पण वाट तर बघायची. थोरली आच कमी करते. धाकटी उठता उठता हात लांब करून परत वाढवते. मधे कोणी एक शब्द बोलत नाही. त्या एका नॉबवर तुझी तीन वर्षं आली की.

इंग्रजीत मी ते साधारण असं करीन: 'द एल्डर आंट टर्न्ड द फ्लेम डाउन. द यंगर वन गॉट अप फ्रॉम द आदोळी, रीच्ड अक्रॉस हर अँड टर्न्ड इट अप अगेन. द खतखते, विच हॅड बीन सिमरिंग, बिगॅन टु स्पिट.' सिमर आणि स्पिट दोन्ही टोपाला दिले, काकूंना नाही दिले. वाचक ते आपण होऊन काकूंना लावतो, आणि त्याने स्वतः लावलं की ते तुझं सांगणं राहत नाही, त्याचं बघणं होतं. माझ्या क्लासमध्ये मी या एका गोष्टीवर सगळ्यात जास्त वेळ घालवते. क्रियापद भांड्याला द्या, माणसाला देऊ नका. सुरुवातीला पोरांना पटत नाही, त्यांना वाटतं भावना लिहिली नाही तर मार्क जातील.

हे नेहमी चालतं असं नाही हां. सांगणारी स्वयंपाकघरात नसेल, मुंबईला बसून फोनवर ऐकतेय असं असेल, तर तिला टोप दिसतच नाही, तिथे 'आई सेड दे वेअर बोथ सिमरिंग' हेच बरं. किंवा तीन वर्षं एका परिच्छेदात उरकायची आहेत, तिथे एक क्रियापद दहा प्रसंगांचं काम करतं. तू कुठून बघतेयस ते आधी ठरव.

तू खाली कमेंटमध्ये विचारलंयस की गोव्याचे पदार्थ वापरून स्वतःची नवी उपमा केली तर इंग्रजी वाचकाला कळेल का. कळेल, जर कृती आधी दाखवलीस तर. दोदोल घे, गूळ, नारळाचा रोस, तांदळाचं पीठ, आणि कढईच्या बाजू सोडून तेल सुटेपर्यंत ढवळत राहायचं, हात थांबला की खाली लागतं. आजारी आजीचं करणारी मुलगी असेल तर ते ढवळणं कामाला येईल, रागाला नाही. नारळाच्या रोसाची कढी जोरात उकळली की फुटते, आणि फुटलेली कढी कितीही ढवळली तरी पहिल्यासारखी होत नाही, हे मात्र तुझ्या गोष्टीला चपखल आहे, भांडणानंतरच्या पानावर. इंग्रजी किचनमध्ये त्याला 'स्प्लिट' म्हणतात, आणि घर फुटण्यालाही स्प्लिटच, म्हणजे तुला काही जोडावंही लागणार नाही, नुसती फुटलेली कढी पानात वाढलेली दाखव. बेबिंका नको. एक थर भाजला की दुसरा, हे खूप छान आहे मान्य, पण पर्यटनाच्या प्रत्येक लेखात गोव्याच्या संस्कृतीचे थर बेबिंकासारखे असतात, वाचून वाचून कंटाळा आलाय. माझा हिशोब साधा आहे, कृती एका वाक्यात समजावता आली तर ठेव, तीन वाक्यं लागली तर काढ.

आणि मेन्यूकार्ड करू नकोस. इंग्रजीत लिहायला बसलं की आपल्या लोकांना काय होतं कोण जाणे, हसू हळदीसारखं उबदार होतं, डोळे वेलचीसारखे होतात, आजीच्या हाताला दालचिनीचा वास येतो, घरात सकाळी पेज आणि रात्री शीत-हुमण, म्हणजे भात-कालवण, खाणारी माणसं गोष्टीत शिरली की मसाल्याच्या दुकानात राहायला जातात. तुझ्या पहिल्या पानावर 'स्पायसी' तीनदा आहे. एकदा खऱ्या तिखटासाठी ठेव, बाकीचे दोन काढ.

तर तू इथे टाकलेल्या पानांत मी एवढं करीन. पहिल्या पानावर तीन वर्षांच्या अबोल्याला 'सिमर' एकदा ठेवीन, कारण तिथे सगळं भराभर उरकायचं आहे. माटोळीच्या टोमण्यापाशी 'सीद'. धाकटीच्या तोंडी 'लेट हर स्ट्यू', आणि ते सांगणारीच्या तोंडून काढून टाकीन. 'बॉइलिंग विथ हॅपिनेस' पूर्ण काढीन. खतखत्याचा प्रसंग तू आता चार ओळींत उरकलायस, तो पाऊण पान तरी कर, त्यात एकही भावना लिहू नकोस, फक्त नॉब, आदोळी, वाटण आणि कोणी कोणाला काय मागितलं नाही ते. भांडणाचं पान मी हात न लावता ठेवीन, तिथे दोघी खरोखर ओरडतायत आणि संवाद चांगले आहेत, ओरडणाऱ्या माणसाला वर उपमा कशाला. फक्त शेवटचं वाक्य, टोप-बॉम्ब-लोणीवालं, ते गेलं पाहिजे.

सरांना दाखवायच्या आधी स्वयंपाकघराचं पान परत लिहून इथेच टाक. चवथीच्या आधी टाकलंस तर बरं, नंतर आठ दिवस माझ्या घरी पाहुणे असतात, बघायला वेळ होणार नाही.